अर्धा धडा पुस्तकात, अर्धा डोंगराच्या माथ्यावर

2020 च्या जुलैमध्ये आम्ही काही कार्यकर्त्यांनी एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या वस्त्यांमधली पाचवी ते दहावीची मुले त्यात घ्यायची, रोज सकाळी एक पीडीएफ टाकायची आणि रविवारी ऑनलाईन शंका सोडवायच्या, असा बेत होता. शाळा बंद होत्या, आम्हीही घरातच होतो आणि अंगात उत्साह होता. दोन महिने पीडीएफ पडत राहिल्या, खाली अंगठे येत राहिले. आम्ही समजलो, शिक्षण चालू आहे.

पाऊस ओसरल्यावर आम्ही प्रत्यक्ष गेलो. भाटघरच्या जलाशयापलीकडच्या एका बौद्ध वस्तीत, ज्या घरचा नंबर ग्रुपवर होता तिथे आठवीतली मुलगी भेटली. फोन वडिलांचा. वडील पुण्याला बांधकामावर, पंधरा दिवसांनी घरी येणारे. म्हणजे रोज सकाळचा अंगठा ते स्लॅबवरून पाठवत होते. मुलगी म्हणाली, "दादा, तुमचं काही बघायला नाही मिळालं, पण पप्पांनी सांगितलंय की आलं की अंगठा दाबायचा असतो." तिने पाठ्यपुस्तक मात्र आमच्यासमोर आणून ठेवले. जे जे स्वाध्याय पुस्तकाच्या आत सुटत होते ते तिने सगळे सोडवले होते. जिथे जिथे मोबाईलवर काही पाहायला सांगितले होते तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारली होती. त्या फुल्या आम्ही मोजल्या नाहीत. मोजायला हव्या होत्या. आमच्या दोन महिन्यांच्या कामाचा हिशेब त्या फुल्यांमध्ये होता.

हा प्रसंग आम्ही आधी सांगतो आहोत, कारण पुढे सरकारवर आणि विद्यापीठांवर टीका करणार आहोत आणि तीच चूक आम्हीही केली आहे. ज्याच्या हातात फोन आणि वर रेंज आहे त्याला "शिक्षण पोचले" असे वाटणे फार सोपे असते.

आता महामारी संपली, पण तिने आणलेली पद्धत गेली नाही. अर्धे शिक्षण वर्गात, अर्धे पडद्यावर. यालाच हायब्रीड लर्निंग म्हणतात, मराठी कागदपत्रांत कुठे मिश्र अध्ययन, कुठे संमिश्र शिक्षण. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे 2021 मध्ये याचा मसुदाच काढला आणि कोणत्याही विषयाचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाईन शिकवता येईल असे सुचवले. शाळांच्या पातळीवर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 चा रोखही तिकडेच आहे. आपले अनेक मित्र या विषयाला "तांत्रिक" समजून सोडून देतात. आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांवर आपण मोर्चे काढतो. अभ्यासक्रम कसा रचला जातो, धडा कोणत्या साधनाने मुलापर्यंत जातो, यावर बैठकसुद्धा घेत नाही. आमचे म्हणणे असे आहे की पुढच्या दहा वर्षांत आपल्या मुलांचे बरेचसे नुकसान इथेच ठरणार आहे आणि ते कोणत्याही जातीचे नाव न घेता ठरणार आहे.

कसे, ते पाहू.

जुन्या पाठ्यपुस्तकात कितीही दोष असोत, एक गुण होता. जे काही होते ते दोन पुठ्ठ्यांच्या आत होते. पुस्तक हातात आले की धडा हातात आला. बालभारतीने 1967 पासून हे पुस्तक गावोगाव पोचवले. त्यातल्या मजकुरावर आपले शंभर आक्षेप असतील, पण पोचण्यात ते सवर्णाच्या पोराला आणि कातकऱ्याच्या पोराला सारखेच होते. आता पुस्तकात क्यूआर कोड आले. कोडमागे 'दीक्षा' नावाचे अ‍ॅप. (आपल्याला दीक्षा म्हटले की 14 ऑक्टोबर 1956 आठवतो. तिथे लाखो माणसे एकत्र जमली होती, इथे प्रत्येकाने एकट्याने डाऊनलोड करायचे आहे. असो.) कोड आला यात वाईट काही नाही. वाईट पुढे होते. एकदा पुस्तक लिहिणाऱ्याला माहीत झाले की समजावून सांगण्याचे काम व्हिडिओ करणार आहे, की तो पानावर समजावून सांगणे कमी करतो. उदाहरण एकच देतो, आकृती अर्धी ठेवतो, पायऱ्या गाळतो. पान देखणे होते, हलके होते. जो मुलगा कोड स्कॅन करू शकतो त्याला पानही मिळते आणि व्हिडिओही. जो करू शकत नाही त्याला पूर्वीपेक्षा कमी मिळते. म्हणजे त्याला जास्तीचे मिळाले नाही एवढीच गोष्ट नाही. जे होते त्यातलेही थोडे गेले. मिश्र अध्ययनातला हा घाटा कुठल्याही अहवालात दिसत नाही, कारण अहवालात "पुस्तके वितरित" आणि "डिजिटल साहित्य उपलब्ध" हे दोन्ही रकाने भरलेले असतात.

अभ्यासक्रम मिश्र पद्धतीने आखायचा म्हणजे तीन निर्णय घ्यायचे असतात. कागदावर काय राहील, पडद्यावर काय जाईल आणि शिक्षकासमोर बसून काय होईल. हे निर्णय शास्त्रीय वाटतात. पण ते घेताना समोर कोणता विद्यार्थी धरला आहे? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीत, म्हणजे 2017-18 मध्ये, देशातल्या ग्रामीण घरांपैकी 4.4 टक्के घरांत संगणक होता आणि 14.9 टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. त्यानंतर फोन वाढले हे खरे. पण घरात फोन असणे आणि मुलाच्या हातात दुपारी दोन वाजता, रिचार्ज केलेला, चार्ज असलेला फोन असणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑगस्ट 2021 मध्ये ज्यां द्रेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने पंधरा राज्यांत सुमारे 1,400 मुलांची पाहणी झाली. तेव्हा ग्रामीण भागातली 8 टक्के मुले नियमित ऑनलाईन शिकत होती. त्यातही ग्रामीण दलित-आदिवासी मुलांमध्ये हे प्रमाण 4 टक्के होते आणि इतरांमध्ये 15 टक्के. गाव तेच, टॉवर तोच, सरकारी योजना तीच. तरी चार आणि पंधरा. ज्यांना वाटते की डिजिटलला जात नसते त्यांनी हे दोन आकडे एका कागदावर लिहून खिशात ठेवावेत.

भोर-वेल्ह्याला हे आकडे नवे नाहीत. इथे पाण्याचीही हीच गोष्ट आहे. वेळवंडी नदीवर इंग्रजांनी 1920 च्या दशकात भाटघरचे धरण बांधले. डोंगर इथले, पाऊस इथला, बुडालेली शेती इथली. पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती, इंदापूर, फलटणला. तिथे ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले, पुढारी उभे राहिले. वेल्ह्यातल्या पानशेत आणि वरसगाव धरणांवर पुणे शहर पाणी पिते. धरणाच्या काठच्या वाड्यांवर उन्हाळ्यात हंडे घेऊन उतरणाऱ्या बाया कोणीही जाऊन पाहाव्यात. वेल्हे तालुक्याचे नाव 2024 मध्ये राजगड करण्याचा निर्णय झाला. नावाला आमचा विरोध नाही, पण नाव बदलल्याने घाटातली रेंज वाढत नाही. पुण्यात बसून या तालुक्यांसाठी योजना आखणे ही जुनी सवय आहे. बालभारतीचे मुख्य कार्यालय पुण्यात ज्या रस्त्यावर आहे त्याला सेनापती बापटांचे नाव आहे, शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध शेतकऱ्यांबरोबर लढलेल्या बापटांचे. तिथे रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांना हे आठवत असेल तर बरे.

शाळा बंद असतानाचा काळ नीट तपासला तर मिश्र अध्ययनाच्या साहित्याबद्दल दोन उलट धडे मिळतात. राज्यात ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग मार्च 2020 मध्ये बंद झाले ते 1 डिसेंबर 2021 ला उघडले. वीस महिने. पहिलीत नाव घातलेले मूल अक्षर न गिरवता दुसरीत पोचले. "शाळा बंद, पण शिक्षण आहे" असे राज्याचे घोषवाक्य होते. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वाध्याय येत होते, लिंक येत होत्या. आमच्या पीडीएफसारख्याच त्या ज्यांना मिळायच्या त्यांनाच मिळत होत्या.

पण त्याच काळात सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' नावाची मालिका लागत होती, पहिली ते आठवीसाठी. तिची रचना वेगळी होती. पडद्यावर मास्तर उभा करून व्याख्यान द्यायचे नाही. घरातल्या आणि परिसरातल्या वस्तू घेऊन मुलाने मोठ्या माणसाबरोबर काहीतरी करायचे, असा तिचा घाट होता. स्मार्टफोन लागत नव्हता, टीव्ही पुरत होता. टीव्ही सगळ्यांकडे नव्हता आणि वीज गेली की भागही जायचा, ही अडचण होतीच. तरी विचार करण्याची दिशा बरोबर होती. मुलाच्या घरात काय आहे ते आधी पाहायचे आणि मग धडा रचायचा. आमच्या ग्रुपची दिशा उलटी होती. आमच्याकडे काय आहे ते पाहून आम्ही धडा रचला आणि मग मुलाच्या घराला दोष दिला.

आता अभ्यासक्रमाच्या कपातीकडे येऊ. 2020 च्या जुलैमध्ये राज्याने पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम 25 टक्के कमी केला, पुढच्या वर्षीही तो कमीच ठेवला. संकटात ओझे कमी करणे समजू शकते. पण ओझे म्हणून बाजूला काय काढले जाते, याकडे आपण पाहत नाही. त्याच महिन्यात सीबीएसईने कपात केली तेव्हा अकरावीच्या राज्यशास्त्रातून संघराज्य, नागरिकत्व, राष्ट्रवाद आणि धर्मनिरपेक्षता ही प्रकरणे त्या वर्षापुरती गेली. पुढे 2022 मध्ये एनसीईआरटीने महामारीमुळे मुलांवर आलेल्या भाराचे कारण देऊन पुस्तके "सुटसुटीत" केली. बारावीच्या राज्यशास्त्रातले लोकचळवळींचे अख्खे प्रकरण काढले. त्या प्रकरणात दलित पँथर होती. पुणे जिल्ह्यातल्याच खेड तालुक्यात जन्मलेले नामदेव ढसाळ होते. चिपको होते, शेतकरी आंदोलने होती. वर्षापुरती वाटणारी कात्री अशी कायमची झाली.

यात मिश्र अध्ययनाचा काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध असा. पडद्यावर शिकवायचे म्हणजे धडा छोट्या छोट्या तुकड्यांत कापावा लागतो. सात मिनिटांचा व्हिडिओ, पाच बहुपर्यायी प्रश्न, संपले. प्रकाशसंश्लेषण असे कापता येते. दोन अंकी गुणाकारही कापता येतो. पण महाडच्या तळ्यावर माणसे का गेली, चवदार तळ्याचे पाणी कोणाचे होते, आपल्या गावात आज विहीर कोणाची आहे, हे पाच पर्यायांत बसत नाही. त्यासाठी वर्गात मूल मुलाशी भांडावे लागते, शिक्षकाला घाम फुटावा लागतो. तेव्हा जो विषय तुकड्यांत बसत नाही तो "अवघड" ठरतो, मग "अतिरिक्त" ठरतो आणि मग कपातीच्या यादीत सर्वांत वर जातो. हे सगळे कुणी दुष्टपणे करतोच असे नाही. साधनाचाच तसा ओढा आहे. म्हणून साधन कोणाच्या ताब्यात आहे आणि धडा कोण कापतो, हे प्रश्न आपल्याला विचारावे लागतील.

वेल्ह्याचे नाव शिक्षणाच्या चर्चेत राज्यभर गेले ते पानशेतमुळे. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नंदुरबारची तोरणमाळ आणि पुण्याची पानशेत ही दोन उदाहरणे आदर्श म्हणून समोर ठेवली. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा आहेत आणि त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुले शिकतात, ही तेव्हाची सरकारी संख्या.

पानशेतबद्दल आम्ही एका वाक्यात निकाल देणार नाही. आमच्यातच दोन मते आहेत. एक मत असे की वाडीवर चार मुले, एक शिक्षक, चार इयत्ता, ना खेळ ना स्पर्धा, यापेक्षा बसने मोठ्या शाळेत जाऊन चाळीस मुलांत बसणे केव्हाही चांगले. मुलाला मित्र मिळतात, प्रयोगशाळा मिळते, संगणक मिळतो. वस्तीतल्या मुलाला वस्तीबाहेरची मुले भेटतात, हेही कमी नाही. दुसरे मत असे की शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. हा हक्क आहे, सोय नाही. जी बस आज आहे ती निधी संपल्यावर असेल का? पावसाळ्यात दरड कोसळली की बस कुठे थांबते? कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर गेले आणि उन्हाळ्यात परतले, तर वाडीवरचा शिक्षक त्या पोराला हाताला धरून वर्गात आणतो. वीस किलोमीटरवरची शाळा आणणार आहे का?

दोन्ही मतांत तथ्य आहे. आम्हाला भीती वाटते ती तिसऱ्याच युक्तिवादाची, आणि तो आम्ही बैठकांमध्ये कानांनी ऐकला आहे: "शाळा लांब गेली तरी काय झाले, आता ऑनलाईन आहेच की." म्हणजे एका हाताने जवळची शाळा काढून घ्यायची आणि दुसऱ्या हाताने एक लिंक द्यायची. मिश्र अध्ययन हे शिक्षकाला जोड म्हणून आले तर स्वागत आहे. शिक्षकाच्या जागी आले तर ती कपात आहे, मग तिला कितीही आधुनिक नाव द्या.

2018 मध्ये या डोंगरी पट्ट्यातल्या चांदर गावाची बातमी देशभर, अगदी परदेशातही गेली होती. एका विद्यार्थ्यासाठी एक शिक्षक रोज घाट तुडवून शाळेत येतो, अशी ती बातमी. लोकांनी ती गंमत म्हणून वाचली, काहींनी उधळपट्टी म्हणून. आम्हाला त्यातला दुसरा तपशील महत्त्वाचा वाटतो. त्या शिक्षकाने खटपट करून सौर ऊर्जेवर चालणारा छोटा टीव्ही आणि टॅब शाळेत आणले होते, मुलाचे मन रमावे म्हणून. हेसुद्धा मिश्र अध्ययनच आहे. धोरण येण्याआधी, मसुदा येण्याआधी, एका जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने केलेले. फरक एवढाच की तिथे आधी माणूस घाट चढून आला आणि मग त्याच्या मागून यंत्र आले.

शिकणाऱ्याच्या सोयीने शिक्षणाची वेळ, जागा आणि रीत बदलणे हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, कारण दिवस मालकाचा होता. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा एवढेच सांगितले नाही. गावच्या शाळेत काय शिकवावे हेही सांगितले. वाचन, मोडी आणि बाळबोध लेखन, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, शेतीची माहिती, आरोग्याचे आणि नीतीचे धडे. खेड्यातल्या शाळेत विषय शहरापेक्षा थोडे कमी असले तरी चालतील, पण ते तितकेच उपयोगी असले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. आणि शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा. अभ्यासक्रम-रचना हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधी त्यांनी अभ्यासक्रम, साहित्य आणि शिक्षक या तिन्हींवर एकत्र बोट ठेवले होते.

बाबासाहेबांनी 12 मार्च 1927 रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना गळतीचा हिशेब मांडला होता. शाळेत आलेल्या शंभर मुलांतली अठराच चौथीपर्यंत पोचतात, बाकीची पुन्हा निरक्षरतेत जातात, असा तो हिशेब. प्राथमिक शिक्षणाचा हेतू काय, तर दारातून आत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडावे. किती मुलांची नावे पटावर आहेत हे त्यांनी यशाचे माप मानले नाही. आज आपण "किती डाऊनलोड झाले" यावर समाधान मानतो, तेव्हा हे भाषण पुन्हा वाचावे. पुढे 1946 मध्ये त्यांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे नोकरी करणारा तरुण शिकून कामावर जाऊ शकेल. कॉलेजने विद्यार्थ्याच्या घड्याळाशी जुळवून घेतले. आजच्या मिश्र अध्ययनात विद्यार्थ्याने सर्व्हरशी जुळवून घ्यायचे असते.

आणखी एक जवळचे उदाहरण. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये सुरू झाले. दुरून शिकायचे म्हणजे शिक्षक रोज समोर नसणार, म्हणून तिथे पुस्तकच शिक्षकासारखे लिहायला घेतले. घटक सुरू होताना उद्दिष्ट, मध्येच थांबवून प्रश्न, शेवटी उत्तरे, सोप्या मराठीत. आपल्या किती भावा-बहिणींनी, किती पोलीस शिपायांनी, अंगणवाडी ताईंनी या पुस्तकांवर पदवी घेतली. त्या पुस्तकांत उणिवा आहेत, काही फार कोरडी आहेत. पण त्यामागचा नियम खरा आहे: शिक्षक जवळ नसेल तर कागद जास्त बोलका हवा. आज नेमके उलटे चालले आहे. शिक्षक दूर चालला आहे आणि कागदही मुका होतो आहे.

म्हणून आमची मागणी "ऑनलाईन बंद करा" अशी नाही. तसे म्हणणारे काही ज्येष्ठ मित्र आहेत, त्यांच्याशी आमचे जमत नाही. बाबासाहेबांचे खंड ज्या तरुणांना कधी विकत घेता आले नसते त्यांनी ते मोबाईलवर वाचले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आपली गाणी, आपली भाषणे, आपला इतिहास या माध्यमातून ज्या वेगाने गेला त्या वेगाने कोणत्याही छापखान्यातून गेला नसता. मागणी अशी आहे की कोणताही धडा नेटशिवाय पूर्ण असला पाहिजे. क्यूआर कोडमागे जे आहे त्याने भर घालावी, पोकळी भरू नये. परीक्षेतला एकही प्रश्न असा नसावा ज्याचे उत्तर फक्त कोडमागे आहे. जे डिजिटल साहित्य आहे ते मेमरी कार्डवर किंवा पेन ड्राईव्हवर केंद्रप्रमुखाकडे, ग्रामपंचायतीत, अभ्यासिकेत ठेवलेले असावे, म्हणजे महिन्यातून एकदा रेंज असलेल्या गावी गेलेल्या माणसालाही ते आणता येईल. बहुवर्ग शाळेतल्या एकट्या शिक्षकाला व्हिडिओपेक्षा कार्डांची जास्त गरज असते. तो तिसरीला शिकवत असताना पहिलीने स्वतः काय करायचे, याची कार्डे. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीने अशा कार्डांची पद्धत वर्षानुवर्षे चालवून दाखवली. आपल्या शेजारच्या साताऱ्यात कुमठे बीटच्या शाळांनी फरशीवर, भिंतीवर, खडे-काड्यांनी साहित्य उभे केले. यातल्या कशालाच टॉवर लागत नाही.

मजकुराचेही तसेच. 2023-24 पासून राज्याने पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पाने घातली. पुस्तके चार भागांत केली, दप्तर हलके करण्यासाठी. कोऱ्या पानांचा निर्णय जानेवारी 2025 मध्ये मागे घेतला. त्या पानांचे काय करायचे हे फारसे कुणाला कळलेच नाही, असा आमचा अनुभव. आम्हाला मात्र अजून वाटते की ती जागा वाया गेली. त्या पानांवर तालुक्याचा मजकूर येऊ शकला असता. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 29 सांगते की अभ्यासक्रम संविधानाच्या मूल्यांशी जुळणारा असावा, मुलाच्या अनुभवातून आणि कृतीतून शिकवणारा असावा, शक्य तिथे मातृभाषेत असावा. कातकरी मुलाच्या मातृभाषेतले एक पानही त्याच्या दप्तरात नसते, छापीलही नाही आणि डिजिटलही नाही. अ‍ॅपमध्ये जागेची टंचाई नव्हती ना? हजारो व्हिडिओ मावतात तिथे कातकरी बोलीतल्या दहा गोष्टी का मावत नाहीत? याचे उत्तर तंत्रज्ञानात सापडत नाही.

आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून आहे, पण आता तो फक्त मोठ्यांचा, निरोपासाठी. मुलांसाठी आम्ही झेरॉक्सची पाने काढतो. एक पान, दोन बाजू. एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला करून पाहायचे काम. महिन्यातून दोनदा एसटीने किंवा कुणाच्या गाडीवरून ती वस्तीवर जातात आणि भरलेली परत येतात. वाईट हस्ताक्षरात, चहाचे डाग पडलेली. ज्याच्याकडे फोन आहे त्याच्यासाठी त्याच पानाचा पाच मिनिटांचा आवाजी धडा आहे. तो ब्लूटूथने एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पान मात्र आवाजाशिवाय पूर्ण असलेच पाहिजे, हा नियम आम्ही मोडत नाही. पान तयार झाले की आधी त्या आठवीतल्या मुलीला दाखवतो. ती आता बारावी ओलांडून पुढे गेली आहे, सुट्टीत घरी आली की पाने तपासते. जिथे अडेल तिथे ती पूर्वीसारखीच पेन्सिलीने फुली मारते.

सध्या हाती घेतलेले पान भाटघरच्या पाण्याचे आहे. सातवीच्या गणिताला आणि भूगोलाला एकत्र चालेल असे. धरणात किती पाणी मावते, कालव्याने किती जाते, कुठे जाते, आपल्या वाडीला टँकर कोणत्या महिन्यात लागतो, एका टँकरमध्ये किती हंडे, एका हंड्यासाठी आई किती पावले चालते. पावले मुलांनी मोजून आणायची आहेत. पहिल्या कच्च्या पानावर दोन फुल्या आल्या आहेत, दोन्ही नकाशाच्या जागी. नीरेचे दोन्ही कालवे आम्हाला हाताने नीट काढता आलेले नाहीत. अभियांत्रिकीला असलेल्या किंवा बरा नकाशा काढता येणाऱ्या मित्रांनी पुढच्या रविवारी भोरला यावे. येताना ए-फोर कागदाचा एक गठ्ठा आणावा.

जय भीम!